उन्हाच्या नावानं बोटं मोडू नकोस

उभा राहा आणि नीट ऐक. तुझ्या बापाच्या मानेची कातडी जाड होऊन काळी पडलीय. पापण्या सुजल्यात, कोपराच्या लवणीतून पाणी गळतंय, रात्रभर माणूस खाजवत बसतो. आणि तू मला सांगतोस, "गुरुजी, ऊन बाधलं." आपल्या धावडा गावात ऊन काल उगवलं का? तुझ्या आज्यानं याच अजिंठ्याच्या डोंगराखाली उघड्या अंगानं जन्मभर औत हाकलं. त्याच्या तरुणपणी जे नव्हतं, ते आज तुझ्या बांधावर कमरेएवढं उभं आहे. गाजर गवत!

1955 च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं. परदेशातून आलेल्या धान्यात त्याचं बी होतं, असं मानतात. 1970 च्या दशकात त्यानं होणाऱ्या त्वचारोगावर डॉक्टरांचे निबंधही छापून आले. म्हणजे ही माहिती तुझ्या जन्माच्या आधीची आहे, आणि तू दहावी शिकलेला माणूस बांधावर त्याची पांढरी फुलं डोलू देतोस!

त्या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पाना-खोडावरची बारीक लव आणि वाळलेला भुगा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर, घामाच्या घड्यांत बसतो. शरीर काही वर्षं सोसतं. मग एकदा वावडं झालं की चिमूटभर भुगाही पुरतो. पुढे काहींच्या कातडीला उजेडच सोसेनासा होतो. ढगातून आणि खिडकीच्या काचेतूनही अतिनील किरण येतात, त्यामुळे माणूस घरात बसूनही पोळतो. चाळिशी ओलांडलेल्या, शेतात राबणाऱ्या पुरुषांत हा आजार जास्त दिसतो. तुझा बाप नेमका त्यात बसतो. तेव्हा ऊन दोषी आहेच, पण त्याला वाट करून दिली ती या गवतानं, आणि गवताला पोसलं तू.

वर काय केलंस? फुलावर आलेलं गवत यंत्रानं कापून भुगा गोठाभर उडवलास. उरलेलं वाळवून पेटवलंस आणि बापाला धुरात उभं केलंस. मेडिकलवाल्याला विचारून स्टेरॉइडचं मलम आणलंस आणि महिनोन्‌महिने चोपडलंस. त्यानं खाज तेवढ्यापुरती दबते, कातडी मात्र पातळ होत जाते. याला सेवा म्हणतोस?

एका झाडाला हजारो बिया येतात. म्हणून पावसानं जमीन मऊ आहे तोवर, फुलावर येण्याआधी, ते मुळासकट उपट. हातमोजे घाल, पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, तोंडाला रुमाल बांध. काम झालं की आंघोळ कर आणि ते कपडे वेगळे धू. ज्याला वावडं झालंय त्यानं तिकडे फिरकायचंही नाही. बापाला बांधावर पाठवलंस तर माझ्यापुढे येऊ नकोस. रिकाम्या जागी तरोट्याचं बी फेक, तो गाजर गवताला दाबतो. आणि हे तुझ्या एकट्याच्या बांधानं भागणार नाही. रस्त्याकडेचं, गावठाणातलं, शाळेमागचं गवतही काढावं लागेल. ग्रामसभेत मागच्या रांगेत तंबाखू मळत बसतोस ना, तिथे उभा राहून हे बोल.

पण त्याआधी उद्या सकाळी बापाच्या अंगावर सुती चादर टाक आणि त्याला संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात घेऊन जा. तिथे शेतातल्या गवताचंही सांग, आणि घरातलं ते मलम दाखवायला बरोबर ने.