न केलेल्या कर्माचा दोष

देवीच्या रोगावर लस टोचण्याला मराठीत 'देवी काढणे' म्हणत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गाईच्या देवीची लस टोचली गेली, ती हिंदुस्थानातील पहिली. पुढे १९७५ मध्ये भारतातून हा रोग गेला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून गेल्याचे जाहीर केले. रोग, त्याची अधिष्ठात्री आणि त्यावरचा उपाय या तिघांना एकच शब्द पुरला, यावरून लसीला विरोध झालाच नाही असे म्हणता येत नसले, तरी लस म्हणजे देवीशी वैर नसून तिचा अंश आपणहून अंगावर घेणे होय, अशी समजूत भाषेने तरी करून घेतली असावी. म्हणूनच श्रद्धा विरुद्ध विज्ञान ही ठरीव मांडणी सांगली जिल्ह्यातील आटपाडीसारख्या माणदेशी मुलुखाला नीट बसत नाही. तिथला प्रश्न दैव आणि कर्तव्य यांच्यातल्या वाटणीचा आहे.

बाळाच्या पाचव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी भाग्य लिहून जाते, अशा समजुतीने त्या दिवशी पाटा-वरवंटा पुजला जातो. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक, म्हणजे कोणत्या वयात कोणती लस द्यावी याचा शासनाने ठरवलेला क्रम, या रात्रीचीही वाट पाहत नाही. क्षयावरची बीसीजी, पोलिओचे पहिले थेंब आणि 'ब' काविळीची लस जन्मतःच दिली जाते. मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी येतात, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान तिचा दुसरा डोस. कपाळावरचा लेख कोणाला वाचता येत नाही आणि माता-बाल संरक्षण कार्डावरचा तारखांनिशी वाचता येतो, पण या दोन लेखांचे एकमेकांशी भांडण नाही. सटवाईच्या अक्षरावर विश्वास ठेवणारी आजीही रात्री दार उघडे टाकून झोपत नाही.

अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्रित लस दिल्यावर बाळाला ताप आला, मांडी सुजली, तर आईला तो आपल्या हातून झालेला त्रास वाटतो; गोवर झाला तर ते नशीब ठरते. केलेले कर्म तेवढे खात्यावर चढते आणि न केलेले मोकळे सुटते, असा हा हिशेब आहे. शास्त्रकारांचा हिशेब इतका सोपा नव्हता. नित्यकर्म, म्हणजे वेगळे फळ नसले तरी करायचेच असते असे कर्म, चुकल्यास प्रत्यवाय, म्हणजे न करण्याचा दोष लागतो, असे मीमांसकांच्या परंपरेत मानले जाई. त्यावर शंकराचार्यांचा आक्षेप असा की न करणे हा अभाव आहे आणि अभावातून भावरूप असे काही उत्पन्न होऊ शकत नाही. तर्क म्हणून हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण लसीच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण गोवराचा विषाणू अभावातून जन्मत नाही, तो गावात आधीच फिरत असतो, आणि न टोचणे म्हणजे त्याच्या वाटेतला अडसर काढणे असते. बाळाची संमती घेता येत नाही हे खरे. मात्र नकारही त्याचा नसतो, तो त्याच्या वतीने मोठ्यांनी दिलेला असतो.

शिवाय हा दोष एका घरात मावत नाही. गोवर इतक्या वेगाने पसरतो की तो थोपवण्यासाठी शंभरातील सुमारे पंचाण्णव जण सुरक्षित असावे लागतात. या स्थितीला समूह-प्रतिकारशक्ती म्हणतात, आणि लसीचे वय न झालेले तान्हे मूल तिच्याच आडोशाला असते. गीतेतील लोकसंग्रहाचा, म्हणजे समाजाला धरून ठेवणाऱ्या आचरणाचा, याहून रोकडा अर्थ क्वचितच सापडेल. मेंढरांच्या मुलुखात ही कल्पना परकी नाही. मेंढपाळ आजारी मेंढी कळपातून बाजूला काढतो. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवले गेले आणि गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. (गाईच्या देवीने माणूस वाचवला होता, आता शेळीची देवी गाईच्या मदतीला आली, हा योग मोठा गमतीचा.) आटपाडी तालुक्यातील खरसुंडीच्या सिद्धनाथाला नवस बोलणाऱ्याला खिलार बैलाला लस टोचताना देवाचा अवमान झाल्यासारखे वाटत असेल, असे दिसत नाही.

आटपाडीकडे डोस चुकण्याचे जे कारण सहज नजरेत भरते ते वाटेचे आहे. पाऊस कमी, म्हणून मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात, ऊसतोडीची कुटुंबे हंगामभर कारखान्यांच्या परिसरात कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात, आणि बाळाचे नऊ महिने या भटकंतीतच कुठेतरी भरतात. अशा वेळी सगळा प्रत्यवाय आईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण कर्तव्याचा काळ ज्याने नेमून दिला त्याने ते पार पाडण्याची जागाही दाखवायला हवी. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष मोहिमेत, राहून गेलेल्या मुलांपर्यंत आपण होऊन पोहोचण्याचा जो हेतू होता, त्यात ही कबुली आहेच. डोस चुकला म्हणून सारे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, थांबले तिथून ते पुढे चालते, आणि गोवर-रुबेलाची लस वयाच्या पाच वर्षांपर्यंत देता येते; कोपीच्या कुडाला खोचलेले कार्ड परगावच्या उपकेंद्रात पुढे केले की तिथली नर्सबाई आधी त्यातल्या रिकाम्या चौकटी शोधते.