बुडवू ते बुडाला

१९९५च्या विधानसभा निवडणुकीत गुहागर तालुक्यातला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प राज्यभर गाजला तो एका क्रियापदावर. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही भाजप नेते गोपीनाथ मुंडे यांची घोषणा. प्रकल्पाची जागा अंजनवेलला, दाभोळ खाडीच्या मुखाशी; समुद्र हाकेच्या अंतरावर. घोषणा मथळ्यातही चपखल बसली. शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली आणि ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. पण जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने सुधारित करार मान्य केला. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. दोनच वर्षांत महागड्या विजेची खरेदी वीज मंडळाने थांबवली, प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी पत्करली.

मग लोक म्हणू लागले, प्रकल्प बुडाला. ‘बुडवू’ म्हणताना ‘आम्ही’ छाती पुढे काढून उभे होते. ‘बुडाला’मध्ये कोणीच उरले नाही. जणू भरतीच्या पाण्याने तो आपोआप गिळला. वास्तविक प्रकल्पाचा आढावा घेणाऱ्या माधव गोडबोले समितीने २००१ मध्येच एकामागून एक आलेल्या सरकारांनी मंजुऱ्या देताना काय काय दुर्लक्षिले, ते मांडले होते. कर्ते कागदावर होते, ते वाक्यातून गळाले.

क्रियापद सत्याला कसे वाकवते याचा चांगला धडा दोन महायुद्धांमधल्या अमेरिकी वृत्तपत्रांत सापडतो. १९१९ मध्ये न्यूयॉर्कला ‘डेली न्यूज’ हे टॅब्लॉइड निघाले. पान लहान, अक्षरे ठसठशीत. साहजिकच आखूड क्रियापदांना भाव आला. त्यातलेच एक ‘प्रोब’. मुळात जखमेची खोली पाहण्याची ही सळई, पण मथळ्यात तिचा अर्थ कुठलीही चौकशी असा झाला. साधी विचारपूस असो की भ्रष्टाचाराचा खोलवर तपास, दोन्हींना एकच शब्द. ही त्या भाषेची खोट. तिचा गुण मात्र असा, की कर्ता दिलेला असे तेव्हा कोण कोणाची चौकशी करतो आहे हे मथळ्यातच कळे.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. अग्रलेखांच्या थाटात वाढलेल्या मराठी वृत्तपत्राला त्यांनी बातमीची गोडी लावली, गावोगाव वार्ताहर नेमले. बातमीची मराठी साधी झाली. सरकारी पत्रकातले ‘करण्यात आले’ तेवढे जागचे हलले नाही.

हे व्याकरण महागात पडते ते गावकऱ्यांना. ३ जून १९९७च्या पहाटे दाभोळ प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूर या मच्छीमार गावात पोलीस घरांत घुसले आणि त्यांनी बायकांना मारहाण केली. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने जानेवारी १९९९च्या अहवालात अशा प्रसंगांची नोंद करून सरकारबरोबरच कंपनीकडेही बोट दाखवले. अशा घटनांसाठी आपल्याकडे वाक्ये तयारच असतात: सौम्य लाठीमार करण्यात आला, आंदोलकांना ताब्यात घेण्यात आले. लाठीला सौम्यपणाचे विशेषण मिळते, पण ती धरणारा हात मिळत नाही. जमिनीचेही तसेच. कागदावर ती ‘संपादित करण्यात आली’. ज्याची होती तो म्हणतो, ‘प्रकल्पात गेली’. बळजोरी करणारा आणि सोसणारा दोघेही कर्ता टाळतात, पण एकाची ती सोय असते आणि दुसऱ्याची हतबलता.

कर्ता वगळणे प्रत्येक वेळी लबाडीचेच असते असे नाही. घाईच्या बातमीत तो ठाऊक नसतो, नाव घेतले तर अब्रुनुकसानीचा दावा येतो. पण २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूला रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकऱ्यांचा विरोध आणि पोलिसांची कारवाई, सगळे भर दिवसा, कॅमेऱ्यांसमोर घडत होते. तिथे अज्ञानाची सबब चालत नाही. अशा बातमीतल्या प्रत्येक ‘करण्यात आले’पाशी उपसंपादकाने थांबून ‘कोणी?’ एवढेच विचारावे. उत्तर आले तर ते छापावे. नाही आले, तर ‘आदेश कोणी दिला हे पोलिसांनी सांगितले नाही’ असे छापावे. त्या वाक्याला निदान कर्ता तरी आहे.