नांव तिचें, कारभारही तिचाच

वाचावयाचा भाग : शास्ते, अध्याय ४



एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशांत एका खजुरीच्या झाडाखालीं दबोरा बसत असे, आणि इस्राएल लोक न्यायासाठीं तिच्याकडे जात. ती लप्पिदोथाची पत्नी होती. परंतु न्यायासनावर लप्पिदोथ नव्हे, दबोराच बसे. दहा हजार माणसें मागें असतांहि बाराक तिच्यावांचून लढाईस जाण्यास धजेना. ती राणी नव्हती, कारण त्या काळीं इस्राएलांत राजाच नव्हता. पण देवानें जें काम तिला नेमून दिलें, तें तिनें स्वतः केलें.

आपल्या जिल्ह्यानेंही अशा स्त्रिया पाहिल्या आहेत. १५९५ सालीं मोंगलांनीं अहमदनगरच्या किल्ल्यास वेढा दिला, तेव्हां चांदबिबीनें तो लढविला. तटास पडलेलें खिंडार तिनें रात्रींतून भरून काढविलें. तरी राज्य तिचें नव्हतें. लहानग्या बहादुरशहाच्या नांवानें ती तें राखीत होती. १६०० सालीं तिच्याच पक्षाच्या माणसांनीं तिचा वध केला.

राजूरच्या डोंगरांपासून पाहिलें तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, जामखेड तालुक्यांत, चौंडी गांव आहे. तेथें १७२५ सालीं अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांचेंच नांव आज जिल्ह्यास दिलें आहे. पति खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडले, सासरे मल्हारराव होळकर १७६६ सालीं गेले, आणि १७६७ सालीं पुत्र मालेरावही गेला. तेव्हां दिवाणानें सुचविलें कीं एक मूल दत्तक घ्यावें, म्हणजे कारभार त्याच्या नांवानें चालेल. बाईंनीं तें मानिलें नाहीं. रघुनाथराव फौज घेऊन आले, तरी त्या डगमगल्या नाहींत. अखेर माधवराव पेशव्यांनीं त्यांचा अधिकार मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे सोंपवून त्यांनीं राज्याचा कारभार महेश्वराहून १७९५ पर्यंत स्वतः पाहिला, रयतेच्या फिर्यादी ऐकिल्या, घाट व विहिरी बांधविल्या. त्यांची उपासना आपली नव्हे. पण प्रभूनें दक्षिणेकडील परराष्ट्रीय राणीचें उदाहरण देऊन आपल्या काळच्या लोकांस लाजविलें, हें आपण विसरूं नये.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. १९९३ सालीं अमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायतींत स्त्रियांस निदान एकतृतीयांश जागा मिळाल्या, व महाराष्ट्रांत २०११ पासून निम्म्या. परंतु कित्येक ठिकाणीं काय दिसतें? सही बाईची आणि शब्द मालकाचा. खुर्ची तिची आणि बसणारा दुसराच. ज्या दिवाणास अहिल्याबाईंनीं नाहीं म्हटलें, तोच दिवाण आज पति, दीर किंवा पुत्र होऊन आपल्या घरांत बसला आहे.

बंधूंनो, तुमच्या पत्नीस लोकांनीं जें काम दिलें, तें तिच्या हातून काढून घेणें ही तिची सेवा नव्हे. ज्या धन्यानें दासांस रुपये वांटून दिले, त्यानें एकाचा हिशेब दुसऱ्याकडून घेतला नाहीं. तिला कागद वाचून दाखवा, सभेची वाट सोबत चाला, पण दाराशीं थांबा.

भगिनींनो, मला काय कळतें, असें म्हणून आपला रुपया जमिनींत पुरूं नका. न कळे तें विचारा. विचारण्यांत लाज नाहीं. पाण्याची टांकी कोरडी कां, शाळेची भिंत पडली कां, हें घागर वाहणाऱ्या आईइतकें कोणास ठाऊक आहे?

देवासमोर प्रत्येकास आपापला हिशेब द्यावयाचा आहे. त्या दिवशीं पत्नीच्या वतीनें पति उभा राहणार नाहीं, आणि पतीच्या आड पत्नीस लपतां येणार नाहीं. म्हणून ज्याच्या नांवें काम आलें, त्यानें तें भय धरून, प्रार्थना करून, आपल्या हातांनीं करावें. असें करण्यास प्रभु आपणां सर्वांस धैर्य देवो. आमेन.