मूल आजारी असताना गप्प बसणे हे शील आहे का?



रात्री दोन वाजता तापाने फणफणलेले मूल छातीशी धरून तुम्ही कधी ए अँड ईमध्ये बसला असाल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. तिथे जो आधी आला त्याचा नंबर आधी, असे नसते. नर्स मुलाचा श्वास मोजते, बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावते आणि कोण किती वेळ थांबू शकेल ते ठरवते. तुमच्यानंतर आलेले मूल आधी आत जाते. त्या वेळी राग येतो. पण समतेचा इतका नेमका अर्थ दुसरीकडे क्वचितच दिसतो. ज्याची गरज मोठी तो आधी. आडनाव, पगार, व्हिसा यांतले काहीच त्या क्रमात येत नाही. (भारतातून भेटीला आलेल्या माणसालाही ए अँड ईमधल्या उपचारांचे पैसे पडत नाहीत. वॉर्डात दाखल केल्यावरचा हिशोब मात्र वेगळा, म्हणून आई-वडिलांना बोलावताना विमा काढायला विसरू नका.)

या व्यवस्थेबद्दल आपल्या मनात जी कृतज्ञता आहे, तिची मुळे खोल आहेत. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातल्या एका शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते 1929 साली ‘यंग इंडिया’त छापून आले होते. बाळंतपणानंतर दोनच दिवसांत त्याच्या पत्नीची प्रकृती बिघडली, श्वास घेणे कठीण झाले. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांकडे रदबदली केली, दोन रुपये फीची हमी मिळाली, तेव्हा तो आला, तोही वस्तीबाहेर थांबला. त्या बाईला तान्ह्या बाळासह बाहेर आणावे लागले. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाला दिला, त्याने पतीला, पतीने पत्नीला, आणि तो परतही त्याच वाटेने गेला. न्यूमोनिया आहे म्हणाला, औषध पाठवले, पुन्हा यायला नकार दिला. ती गेली.

हे ज्याने वाचले आहे, त्याला इथल्या नर्सने न विचारता आपल्या बाळाच्या कपाळावर हात ठेवलेला पाहून भरून येते. यायलाच हवे. पण नेमक्या याच जागी कृतज्ञता हळूच गप्प बसायला शिकवते. ‘एवढे मोठे डॉक्टर, त्यांना कळत नाही का?’ ‘आपण परके, उगाच तक्रार कशाला?’ काहीजण तर या मौनाला सम्यक वाचा म्हणतात. मला ते पटत नाही.

मार्था मिल्सचे उदाहरण घ्या. 2021 च्या उन्हाळ्यात वेल्समध्ये सुट्टीवर असताना ही 13 वर्षांची मुलगी सायकलवरून पडली आणि तिच्या स्वादुपिंडाला इजा झाली. तिला लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये हलवले. स्वादुपिंडाच्या इजांवर उपचार करणारे ते तज्ज्ञ केंद्र. तिथे तिला सेप्सिस झाला. आई मेरोप मिल्स पुन्हा पुन्हा काळजी बोलून दाखवत होती, तिला धीर दिला जात होता. 31 ऑगस्टला मार्था गेली. तिला वेळेत अतिदक्षता विभागात हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष 2022 मध्ये कोरोनरने काढला. ही आई ‘गार्डियन’ वृत्तपत्रात वरिष्ठ संपादक आहे. इंग्रजी तिची मातृभाषा. तिचे ऐकले गेले नाही, तर आपण किती हळू आवाजात बोलतो याचा विचार करा.

तिच्या आणि पती पॉल लेटी यांच्या प्रयत्नांतून ‘मार्थाज रूल’ आला. 2024 पासून तो इंग्लंडमधल्या रुग्णालयांत लागू होऊ लागला, पहिल्या टप्प्यात 143. वॉर्डातल्या रुग्णाची प्रकृती खालावते आहे आणि कुणी ऐकत नाही असे वाटले, तर कुटुंबीय रात्री-अपरात्रीही दुसऱ्या, वेगळ्या पथकाकडून तपासणी मागू शकतात.

विनयपिटकात अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आपल्याला माहीत आहे. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला धुतले. रुग्णाची सेवा ती माझी सेवा, हा त्यातला भाग आपण नेहमी सांगतो. त्याच प्रकरणात पुढे एक भाग आहे, तो प्रवचनांत फारसा येत नाही. कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणे अवघड, हे तिथे सांगितले आहे. जो आपला आजार आहे तसा सांगत नाही, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला असे कळवत नाही, तो त्यांतला एक. म्हणजे बोलणे हा रुग्णाचा हट्ट नाही, त्याच्या वाट्याचे काम आहे. आणि आठ महिन्यांच्या बाळाचे हे काम कोण करणार?

यात आपल्या कातडीचाही प्रश्न आहे. निळे पडलेले ओठ किंवा मेंदूज्वराचे पुरळ सावळ्या रंगावर पटकन दिसत नाही. जीभ, हिरड्या, तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू पाहावी लागते. बोटाला लावलेली ती ऑक्सिजनची क्लिपही गडद कातडीवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. त्वचेचा नेहमीचा रंग कोणता आणि आज काय बदलले, हे खोलीत फक्त तुम्हालाच माहीत असते.

मोठ्याने ओरडणाऱ्याचा नंबर आधी लागावा, असे मी म्हणत नाही. तसे झाले तर ज्या क्रमाचे वर कौतुक केले तोच मोडेल, आणि शेजारच्या खुर्चीवरचे शांत, जास्त आजारी मूल मागे पडेल. तासनतास उभ्या असलेल्या नर्सशी मैत्रीनेच बोलावे. पण वाट पाहताना मूल सुस्तावले, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर खुर्चीत बसून राहू नका. नर्सकडे परत जा. ‘मला काळजी वाटते’ एवढ्यावर थांबू नका, तासाभरापूर्वी काय होते आणि आता काय आहे ते सांगा. व्हॉट्सॲपवरचे काढे आणि लेप मात्र तिथे काढू नयेत. कालामांना दिलेला उपदेश मोठ्या डॉक्टरांना लागू असेल, तर मावशीच्या फॉरवर्डलाही आहेच.

अनेक घरांत हा बदल पहिल्यांदा आजीला कळतो. ‘हे रोजचं रडणं नाही गं,’ असे ती म्हणते. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तुम्ही डॉक्टरांना तिचे म्हणणे सांगता. रुग्णालयाकडे दुभाषी मागता येतो, तो मागा. तो येईपर्यंत तुम्हीच सांगत असाल, तर ‘शी इज जस्ट वरीड’ असे भाषांतर करू नका. बाळाचे रडणे कधीपासून बदलले, कसे बदलले, हे तिने पाहिले तसेच सांगा.