बुडाची खरवड कोणाची?

सणाच्या दिवशी पंगत उठल्यानंतर स्वयंपाकघरात डोकावले, तर त्या घराविषयी पुष्कळ काही कळते. बाहेर ताटे कशी मांडली, पाहुण्यांना किती आग्रह झाला, हे सर्वांनाच दिसते. आत रिकाम्या झालेल्या पातेल्यापाशी शेवटी कोण बसते, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आम्हीही अनेक वर्षे पाहिले नव्हते. एका साध्या पाककृतीच्या निमित्ताने ते दिसले, आणि काटकसर नावाच्या ज्या गुणाचा आम्हांला लहानपणापासून अभिमान होता, त्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहावे लागले.

कोल्हापुरातील आमच्या घरी नाताळला रोस्ट होई. त्या काळी घरात भट्टी नव्हती. जाड बुडाच्या पातेल्यात, मिरी, लवंग, दालचिनी, आले, लसूण आणि व्हिनेगर यांत रात्रभर मुरवलेला मांसाचा अख्खा तुकडा मंद आचेवर ठेवीत आणि झाकणावर निखारे पसरीत. पुढे कायदा बदलला. राज्यात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ सालचा. २०१५ साली त्यात दुरुस्ती होऊन बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. आता कोणाकडे म्हशीच्या मांसाचे रोस्ट होते, तर कोणी बोकडाच्या मांडीवर समाधान मानतो. रीत तीच राहिली, आणि पातेल्याचे बूडही तसेच राहिले.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरची झोप झाली की दुपारी तो तुकडा पातळ कापून वाढला जाई. काप मोजके असत. आधी पाहुणे, मग वडील, मग आम्ही भावंडे. आई सर्वांत शेवटी, स्वयंपाकघरातच, उभ्याने जेवे. पावाचा तुकडा घेऊन ती पातेल्याचे बूड पुसून खाई. आम्ही विचारले तर म्हणे, “मला हेच आवडतं.” आमचा त्यावर विश्वास बसला, कारण विश्वास बसणे सोयीचे होते. घरात अन्नाचा कणही वाया जात नाही, असे आम्ही चारचौघांत सांगत असू. तो कण कोणाच्या पोटात जातो, हे सांगण्याची वेळ कधी आली नाही.

आई खोटे बोलत होती काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण त्या बुडाशी खरोखरच सर्वांत चवदार भाग असतो. मांस तापलेल्या पातेल्यात ठेवले की त्यातून सुटलेला रस बुडाशी आटतो, त्याला तपकिरी रंग चढतो आणि तो तेथेच धरून बसतो. १९१२ साली लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात उष्णतेने घडणाऱ्या ज्या क्रियेचे वर्णन केले, तीच ही क्रिया. साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे ती वेगाने होते. पाणी १०० अंशांना उकळते. म्हणून नुसत्या शिजवलेल्या मांसाला तो रंग चढत नाही आणि तो खमंगपणाही येत नाही. आपल्या भाषेने या क्रियेला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. आपण त्याला खरपूस म्हणतो. त्याच्या एक पायरी पुढे गेले की ते करपते. खरपूस आणि करपलेले यांत काही क्षणांचेच अंतर, परंतु एक जिभेवर रेंगाळते आणि दुसरे कडू लागते.

हे खरपूस बूड सर्वांच्या वाट्याला यावे, यासाठी जगातील अनेक स्वयंपाकघरांत एक साधा उपाय करतात. आम्हांला तो उशिरा कळला. मांस बाहेर काढून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. पातेल्यातील चरबी दोन मोठे चमचे राखून बाकीची काढून घ्यावी. त्यात दोन चमचे मैदा घालून मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतावा. मग दोन कप गरम पाणी, किंवा हाडे उकळून काढलेले पाणी, थोडेथोडे करून घालावे आणि लाकडी उलथन्याने बूड सावकाश खरवडत जावे. जे इतका वेळ हट्टाने चिकटून बसलेले असते, ते पाणी लागताच सुटू लागते. पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. झाकून ठेवलेल्या मांसातून ताटात उतरलेला रसही त्यात ओतावा आणि सारे गाळून घ्यावे. मीठ अगदी शेवटी. कारण रस आटला की खारटपणा वाढतो. एवढेच. मात्र बूड काळे पडले असेल, तर हा खटाटोप करू नये. करपलेल्याचा कडूपणा पाण्यात उतरतो आणि कोणत्याही मसाल्याने तो झाकला जात नाही.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. कारण ज्या वर्षी आच अधिक होऊन बूड करपले, त्या वर्षीही आईने ते पावाने पुसून खाल्लेले आम्हांला आठवते. खरपूस तिला आवडत असेल. पण करपलेले कोणाला आवडते?

कोल्हापूरच्या माणसाला रसाचे महत्त्व परक्याने शिकवायला नको. येथे मटण शिजवल्यावर जे पाणी उरते, त्याला आपण अळणी म्हणतो. तेच नारळाचे दूध, तीळ, खसखस यांच्या संगतीने पांढरा रस्सा होते आणि कांदा-लसूण मसाल्याच्या संगतीने तांबडा. खानावळीत बसले की ताटातील मटणाचे तुकडे मोजके असतात, पण रस्सा मात्र वाटी रिकामी झाली की पुन्हा येतो. मागणाऱ्याला संकोच नसतो आणि वाढणाऱ्याच्या कपाळावर आठी नसते. अळणीत पाणी मांसातले सत्त्व काढून घेते. रोस्टच्या रसात आधी अग्नी ते बुडाशी बांधतो आणि मग पाणी ते सोडवते. वाटा दोन, हेतू एकच: थोडे मांस असले तरी त्याची चव पुष्कळांपर्यंत पोहोचावी.

म्हणून आमचा पहिला निष्कर्ष असा झाला की, काटकसर ही दोन प्रकारची असते. बुडाची खरवड एकट्याने खाऊन टाकणे हीही काटकसर, आणि तीच खरवड पाण्यात सोडवून प्रत्येकाच्या ताटात वाढणे हीही काटकसरच. वाया दोन्हींतही काही जात नाही. परंतु पहिलीत उरल्यासुरल्याचा भार एकाच माणसावर पडतो आणि दुसरीत उरल्यासुरल्याचा आनंद सर्वांत वाटला जातो. रस हा मोठा न्यायी पदार्थ आहे, असे आम्ही मनाशी म्हणालो आणि काही काळ त्या विचारावर खूश राहिलो.

पण वाचकहो, हा निष्कर्ष अपुरा होता. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग नावाचे एक थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. १८४७ च्या सुमारास त्यांनी मांसाचा अर्क काढण्याची रीत मांडली. युरोपातील गरिबांना मांस परवडत नाही, तर निदान त्याचे सत्त्व तरी स्वस्तात मिळावे, ही त्यामागील कळकळ होती. १८६५ साली त्यांच्या नावाने कंपनी निघाली आणि दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशातील फ्राय बेंतोस येथे तिचा मोठा कारखाना चालू लागला. त्या भागात गुरे मुख्यतः कातड्यासाठी मारली जात, म्हणून मांस स्वस्त होते. सुमारे तीस किलो मांसापासून एक किलो अर्क निघे. परंतु लवकरच इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या अर्कात चव भरपूर असली तरी अंगी लागणारे प्रथिन नगण्य आहे. ते मागे, मांसातच राहून गेलेले असते. तो अर्क स्वयंपाकाची गोडी वाढविणारा म्हणून विकला जात राहिला. गरिबाचे अन्न म्हणून त्याचा दावा टिकला नाही.

लीबिग यांची ही कथा वाचली आणि आमच्या रसाच्या न्यायाला तडा गेला. चव वाटली म्हणजे अन्न वाटले असे होत नाही. घरातील एकाला दोन काप व दुसऱ्याला नुसता रस, अशी वाटणी झाली तर दोघांच्याही जिभेला सारखेच समाधान होईल, आणि म्हणूनच अन्याय सहज लपून जाईल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. याची कारणे अनेक आहेत, त्यांतील काही शरीरधर्माची आहेत, आणि देशातील पुष्कळ घरांत मांस शिजतच नाही. तरीही एकाच छपराखाली राहणाऱ्यांत एवढे अंतर दिसते, तेव्हा ताटातल्या वाटणीचा विचार मनातून काढून टाकता येत नाही. “तिला तेच आवडतं” हे वाक्य आपल्याकडे किती घरांत, किती पिढ्या उच्चारले गेले असेल!

सहभोजनातला हा दोष नवा नाही. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच पोटभर जेवून घेतात आणि काही उपाशी राहतात, याबद्दल संत पौलाने तेथील लोकांना कडक शब्दांत खडसावले होते. त्याची तक्रार अन्न कमी असल्याची नव्हती, एकमेकांसाठी न थांबण्याची होती. आणि उरलेले सांभाळण्याविषयी आपण ज्या प्रसंगाचा नेहमी दाखला देतो, तो पाच भाकरी व दोन मासळ्यांचा प्रसंगही या दृष्टीने पुन्हा वाचावा. योहानाच्या शुभवर्तमानात उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा आहे खरी, आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या हेही खरे. पण ती आज्ञा केव्हा झाली? सर्व लोक जेवून तृप्त झाल्यानंतर. आमच्या घरात आम्ही हा क्रम उलटा केला होता. सर्व तृप्त होण्याआधीच एकीच्या हाती तुकड्यांची टोपली दिली होती आणि त्याला सद्‌गुण म्हणत होतो.

यावर कोणी म्हणेल, आईने जे केले ते प्रेमाने केले. प्रेमाचा हिशेब मांडू नये. आम्हांला हा आक्षेप मान्य आहे, पण अर्धाच. देणाऱ्याने हिशेब ठेवू नये, हे योग्य. घेणाऱ्याने मात्र तो ठेवलाच पाहिजे. जो त्याग करतो त्याने तो विसरावा, पण ज्याच्यासाठी तो केला गेला त्यानेही विसरावे, असे कोणत्या नीतिशास्त्रात सांगितले आहे? उलट, त्यागाची सवय झालेल्या माणसाला भूक सांगण्याची सवय उरत नाही. त्याची भूक दुसऱ्यालाच ओळखावी लागते.

काही वर्षांपूर्वीच्या एका नाताळात आम्ही भावंडांनी स्वयंपाक आमच्याकडे घेतला. बोकडाची मांडी होती. मटणाचे भाव पाहता ती लहानच आणली होती. आईला टेबलाशी बसवले. ती दोनदा उठली, दोनदा पुन्हा बसवली. मांस झाकून ठेवले आणि वर सांगितल्याप्रमाणे बुडाचा रस केला. पहिल्या खेपेला मैद्याच्या गुठळ्या झाल्या. गाळणीने आमची अब्रू राखली. मग काप केले, आणि मधला, सर्वांत चांगला काप प्रथम आईच्या ताटात वाढून त्यावर रस घातला. ती काही बोलली नाही. सावकाश खात होती. आम्ही आपसात रसाच्या चवीची चर्चा करीत असताना तिने ताट थोडे पुढे सरकवले आणि म्हणाली, “अजून एक काप असेल तर दे.”

तोवर आम्ही तिला मांस मागताना कधी ऐकले नव्हते. टेबलाभोवती क्षणभर कोणी काही बोलले नाही. एवढ्या वर्षांत तिला कोणी विचारले नव्हते असे नाही. विचारले होते, पण काप संपल्यानंतर.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. काप आधी मोजायचे, माणसे मोजायची, स्वयंपाक करणाऱ्यासकट, आणि मगच वाढायला घ्यायचे. रस सर्वांना, हवा तितका. त्यानंतरही पातेल्याला जे थोडेसे लागून राहते, ते पावाने पुसून खाण्याचा मान पाळीपाळीने येतो, आणि त्यासाठी नातवंडांत भांडणे होतात. आम्ही समजून चाललो होतो की, आई आता त्यातून मुक्त झाली. पण गेल्या नाताळला तिने नातवाच्या हातून पाव काढून घेतला आणि आज आपली पाळी असल्याची आठवण त्याला करून दिली. आवडते म्हणत होती, तेही खरेच होते.