दुसऱ्याच्या हाडात

सांधेरोपणाची शस्त्रक्रिया नागपुरात आता नवलाची राहिलेली नाही. काठी टेकीत मिस्साला येणारी माणसे काही महिन्यांनी काठीवाचून येताना आम्ही पाहतो आणि मनोमन परमेश्वराचे आभार मानतो. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी यांतील काहीजण आमच्याकडे एक कागद घेऊन येतात. मांडीच्या हाडात बसवावयाचा दांडा सिमेंटने पक्का करावयाचा की बिनसिमेंटचा, त्यावरचा गोळा धातूचा की सिरॅमिकचा, वाटी कशाची, आणि प्रत्येकापुढे रुपयांचा आकडा. "फादर, कुठला घेऊ?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नाही. रुग्णाजवळही नसते, सही मात्र त्याचीच असते.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. ज्याला पारख नाही त्याच्या शरीरात कायमची राहणारी वस्तू निवडणाऱ्याचे कर्तव्य कोणते?

खुब्याच्या आधुनिक रोपणाचे जनक सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये प्रथम टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. थोड्याच वर्षांत त्या झिजल्या, आणि सुमारे ३०० रुग्णांची दैना झाली. चार्नली यांनी त्या वाट्या पुन्हा शस्त्रक्रिया करून काढल्या, टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून शरीरावरील परिणाम तपासला, आणि १९६२ पासून दुसऱ्या, टिकाऊ प्लास्टिकची वाटी वापरली. चूक त्यांच्याही हातून झाली. पण ती त्यांनी आपली मानली.

याच्या उलट चित्र आपल्या देशाने पाहिले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचे 'एएसआर' हे रोपण धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा असे होते. सांधा निखळू नये, तरुण रुग्णाला तो दीर्घकाळ पुरावा, हा हेतू वाईट नव्हता. पण वाटी उथळ होती. ती किंचित कलती बसली तरी कडेवर भार येऊन धातू झिजे, आणि कोबाल्ट व क्रोमियम भोवतालच्या मांसात व रक्तात उतरे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक रोपणाची राष्ट्रीय नोंदवही असल्याने हा दोष तेथे आकड्यांतून दिसला, आणि डिसेंबर २००९ मध्ये तेथील विक्री थांबली. जगभरातून माल परत बोलाविला गेला तो ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत फिर्याद दिली. तरी केंद्र सरकारने भरपाईचे सूत्र ठरविले ते २०१८ मध्ये, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत. तोवर बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नव्हता. पैसे द्यावयाचे कोणाला?

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. विवेक या सद्गुणाचे घटक सांगताना ते आरंभी स्मृतीचे नाव घेतात. त्या वयात आम्हांस हे पाठांतराचे कौतुक वाटले होते! आता वाटते, ऑस्ट्रेलियाची नोंदवही ही तीच स्मृती. एका शल्यविशारदाच्या अनुभवात जे दिसत नाही ते हजारोंच्या नोंदीत दिसते.

नवे कोणाला तरी प्रथम बसणारच, अन्यथा चार्नलीही झाले नसते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्या पहिल्याला आपण पहिले आहोत हे ठाऊक असावे, आणि पुढे त्याची विचारपूस करणारे कोणी असावे. जुने आणि स्वस्त म्हणून कमी, असेही नाही. वृद्धांच्या ठिसूळ हाडात सिमेंटने बसविलेला दांडा अधिक विश्वासाचा ठरतो, बिनसिमेंटच्या दांड्याभोवती हाड मोडण्याचा धोका त्यांना अधिक असतो, हे परदेशांतील नोंदवह्या सांगतात.

म्हणून कागद घेऊन येणाऱ्यांस आम्ही इतकेच सुचवितो: हे रोपण किती वर्षे वापरात आहे आणि त्याची नोंद कोण ठेवतो, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही. शस्त्रक्रियेनंतर रोपणाच्या वेष्टनावरील क्रमांकाचे स्टिकर मागून घ्या, आणि घरात बाप्तिस्म्याचे दाखले ठेवता त्याच पेटीत ठेवा.