जपायचं ते आणि सांगायचं ते

कृष्णाकाठी, कऱ्हाडहून सांगलीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात सोसायटीचे एक सचिव राहत होते. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. माणूस सरळ आणि कामाचा. कुणाचा पीक विम्याचा अर्ज, कुणाचं पीएम किसानचं केवायसी, कुणाचा फार्मर आयडी, सगळं त्यांच्याकडे यायचं. लोक आधार कार्डाचा, सातबाऱ्याचा, पासबुकाचा फोटो अण्णांना पाठवायचे. अण्णा अर्ज भरून द्यायचे. काम झालं की माणूस आपल्या वाटेनं जायचा, फोटो मात्र फोनमध्येच राहायचा. असं होता होता निम्म्या गावाचे कागद अण्णांच्या खिशात येऊन बसले.

अण्णांच्या घरी नव्वदी ओलांडलेली आई होती. कऱ्हाडला कॉलेजात शिकणारी मुलगी त्या दिवसांत सुट्टीला आली होती. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून सांगलीच्या मार्केट यार्डात विकली होती आणि पट्टीचे पैसे नुकतेच खात्यावर जमा झाले होते.

एका रात्री अण्णांच्या व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. पाठवणारा शेजारगावचा ओळखीचा माणूस होता. फाइलीवर नाव होतं, पीएम किसान लाभार्थी यादी. नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं होती. अण्णांनी यादी बघायला म्हणून बोट लावलं. फोननं विचारलं, हे ॲप बाहेरचं आहे, तरी घेऊ का? अण्णांनी होकार दिला. मग ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली. अण्णांनी तीही दिली. यादी काही उघडली नाही. नेट गेलं असेल म्हणून ते झोपले.

सकाळी ते दूध घालायला डेअरीवर गेले. रांगेत पुढे उभा असलेला एक जण म्हणाला, "अण्णा, रात्री तुम्ही धाडलेलं कायतरी उघडंनाच की."

"मी? मी कुठं काय धाडलं?"

त्यानं फोन दाखवला. अण्णांच्या नावानं तीच फाइल रात्री दोन वाजता आली होती. मागच्या माणसालाही आली होती. त्याच्या मागच्यालाही.

अण्णा कॅन तिथंच ठेवून घरी आले. त्यांचं व्हॉट्सॲप बंद पडलं होतं. बँकेत फोन केला तेव्हा कळलं, हळदीची निम्मीअधिक रक्कम रात्रीच गेली होती. बँकेचे ओटीपी आले होते, पण अण्णांना ते दिसलेच नाहीत. परवानगी घेऊन बसलेलं ॲप ते वाचत होतं आणि चोराकडे पोचवत होतं.

मुलीनं आधी फोनचं नेट तोडलं. सिम काढून बटणाच्या साध्या फोनमध्ये घातलं. आपल्या फोनवरून बँकेला खातं थांबवायला सांगितलं आणि लगेच 1930 हा नंबर लावला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी क्रमांक. तक्रार जितकी लवकर पोचेल, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत अडवून धरता येण्याची शक्यता जास्त. तक्रार नोंदली गेली. मग ती म्हणाली, "अण्णा, आता गावाला सांगायला पायजे. अजून किती जणांनी ती फाइल उघडली असंल कोण जाणे."

अण्णा खाली मान घालून बसले होते. "नको. ज्या गावाचे अर्ज मी भरतो, त्या गावात काय तोंड दाखवू? पैसे गेले ते गेले. अब्रू तरी राहू दे."

आजी भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. तिनं लेकाला जवळ बोलावलं.

"मी धा-अकरा वर्साची आसंन," ती सांगू लागली.

ते 1943 साल होतं. आजच्या सांगली जिल्ह्यातला बराच मुलूख तेव्हा साताऱ्यातच मोडायचा. नाना पाटलांचं प्रतिसरकार या भागात उभं राहिलं होतं आणि कार्यकर्ते भूमिगत होते. आजीची आई रोज भाकरीचं गाठोडं बांधून पोरीच्या हातात द्यायची. बांधावरच्या बाभळीखाली ठेवायचं आणि मागं न बघता परत यायचं, एवढंच पोरीला माहीत होतं. भाकरी कोण खातं, कुठून येतं, हे आईनं कधी सांगितलं नाही आणि पोरीनं कधी विचारलं नाही.

एकदा फौजदारानं तिला वाटेत धरलं. भाकरी कुणाला, म्हणून दरडावलं. दोन थोबाडीत दिल्या. पोर रडली, पण तिच्या तोंडून एक नाव निघालं नाही. तिला नाव ठाऊकच नव्हतं.

पुढं एका पहाटे तीच पोर विहिरीवर गेली असताना तिला लांबून पोलिसांची गाडी दिसली. ती थारोळ्यावर उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडत सुटली, "कपिले, ये गं! कपिले!" गाय तर गोठ्यातच बांधलेली होती. पण वस्तीनं ओळखायचं ते ओळखलं. पोलीस पोचले तेव्हा वस्तीवर म्हातारी माणसं आणि चुलीचा धूर एवढंच होतं.

आजी थांबली. मग लेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आरं, जे जपायचं ते तू उघड्यावर ठिवलंस, आन् जे वरडून सांगायचं ते पोटात ठिवतुयास?"

अण्णा उठले. देवळात गेले आणि स्पीकरवरून स्वतःच्या तोंडानं गावाला सांगितलं: माझ्या नावानं आलेली फाइल उघडू नका. ज्यांनी उघडली असेल त्यांनी नेट बंद करून आत्ता माझ्या घरी या. तासाभरात सात जण आले. दोघांच्या खात्यातून पैसे गेले होते. पाच जणांची खाती वेळेत थांबवली, ती वाचली. अण्णांना कुणी नावं ठेवली नाहीत. "सांगितलंत म्हणून बरं झालं," एवढंच जो तो म्हणाला.

अण्णांची काही रक्कम मधल्या एका खात्यात अडवली गेली होती. ती पुढं रीतसर परत मिळाली. बाकीची गेली ती गेलीच.

पोलिसांचं काम झाल्यावर अण्णांनी तो फोन पार कोरा केला. अर्ज ते आजही भरतात, पण माणसाला समोर बसवून. ओटीपी ज्याचा त्यानंच टाकायचा. जिथं चालतं तिथं आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत वापरायची. काम संपलं की त्या माणसादेखत फोटो पुसायचा.

आपल्या फोनमध्ये आपण एकटे नसतो. त्यात भावकी असते, शेजार असतो, आपल्यावर विश्वासून कागद देणारी माणसं असतात. चोर आपला फोन फोडतो आणि आपल्याच नावानं त्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून माहिती जपणं हे शेजारधर्माचंच काम आहे. कामापुरतं मागावं, कामापुरतंच द्यावं आणि काम झालं की जवळ ठेवू नये.

इतकं करूनही फसगत झालीच, तर ती लाजेनं झाकू नका. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी. आधी 1930 ला फोन करा आणि लगेच आपल्या माणसांना सांगा. तुमच्या एका हाळीनं दुसऱ्याचं घर वाचेल.